२जी बंद झालं तर विहिरीवरच्या स्टार्टरचं काय?

रात्री बाराला थ्री-फेज लाईट आली की अंथरुणातूनच मोटार चालू करायची सोय आता गावोगाव झाली आहे. पेटीत मोबाईल स्टार्टर, त्यात एक सिम. लाईट आली की त्याचाच फोन येतो, इकडून बटण दाबलं की मोटार सुरू. साप-बिबट्याच्या भीतीत बांधावरून जाणं वाचलं. पण यातले बरेच जुने स्टार्टर फक्त २जीवर चालतात. हे २जी किती दिवस राहणार?

३जीचं काय झालं ते आठवा. एअरटेलने २०२० मध्ये देशभरातलं ३जी गुंडाळलं, त्याहून जुनं २जी मात्र ठेवलं. उलटं वाटेल, पण कारण साधं आहे. ३जी मुख्यतः इंटरनेटसाठी होतं, ते काम ४जीने जास्त चांगलं केलं. साध्या बटणाच्या जुन्या फोनला मात्र कॉलसाठी २जीच लागतं, आणि एवढं गिऱ्हाईक सोडणं परवडणारं नव्हतं. जिओने २०१६ मध्ये सुरुवातच ४जीने केली. २जी-३जी पूर्ण बंद करण्याचं धोरण सरकारने आणावं, असं जिओने २०२४ मध्ये ट्रायला कळवलं. त्यांच्याकडे २जी नाहीच, त्यामुळे त्यांचं जाणार काय, असंही कुणी म्हणेल.

तरी मुद्दा अगदीच खोटा नाही. कंपनीकडच्या लहरी मोजक्या असतात. त्यातला एक पट्टा २जीला ठेवला की तेवढा ४जीला कमी पडतो, आणि संध्याकाळी गावात व्हिडिओ अडकायला लागतात. लिलावात घेतलेल्या लहरींवर कोणती सेवा चालवायची हे कंपनी ठरवते. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत नाही.

अडचण स्टार्टरच्या आत आहे. रेडिओची चिप २जीची असेल तर तिला ४जीच्या लहरी पकडताच येत नाहीत. सिम बदलून किंवा सॉफ्टवेअर टाकून भागत नाही, भागच बदलावा लागतो. फोन आपण चार-पाच वर्षांत बदलतो, पण स्टार्टर घेताना तो दहा वर्षं टिकावा हाच हिशोब असतो. सेवा बंद करण्याआधी कंपनी मेसेज पाठवेलही, पण तो जाणार पेटीतल्या सिमवर! तो वाचणार कोण? म्हणून अशी सूचना गावात, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे, आणि किमान एक हंगाम आधी.

नवा स्टार्टर घेणाऱ्यांनी खोक्यावर ४जी लिहिलंय एवढ्यावर जाऊ नये. काही यंत्रं इंटरनेट ४जीवर घेतात, पण कॉलसाठी २जीवर उतरतात. दुकानातच त्यात जिओचं सिम टाकायला सांगा आणि कॉल लावून मोटारीचा रिले उचलतो का बघा. जिओकडे २जी नसल्याने कॉल लागला तर तो ४जीवरच लागला. नाही लागला, तर पैसे देण्याआधी विचार करा.