'स्टेशनपासून पाच मिनिटे' कुणासाठी?



मुंबईत भाड्याचे घर शोधणाऱ्याला सगळे एकच सल्ला देतात. नोकरी कुठे, मुलांची शाळा कुठे, स्टेशन किती लांब, भाडे किती, डिपॉझिट किती, याचा हिशेब करा आणि उपनगर ठरवा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. आपल्या समाजातले तरुण जोडपे हा हिशेब करून एजंटकडे जाते, तेव्हा यादीतली काही नावे आधीच खोडलेली असतात.

आमच्याच घराचे उदाहरण घ्या. माझे काम गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत, जोडीदाराची नोकरी ठाण्यात, मुलगी पहिलीत. रेल्वेचा नकाशा पाहिला तर उत्तर सरळ आहे: मध्य रेल्वेवरचा घाटकोपर ते भांडुप हा पट्टा. विक्रोळीहून ठाणे पाचवे स्टेशन. उलट दिशेला कुर्ला तिसरे, आणि तिथे हार्बर पकडली की गोवंडीही तिसरेच. दोघांपैकी कुणालाही दादरच्या गर्दीत शिरावे लागत नाही. आम्ही एजंटला पट्टा सांगितला, बजेट सांगितले. त्याने तीन गोष्टी विचारल्या: आडनाव, मूळ गाव आणि व्हेज की नॉनव्हेज. मग म्हणाला, "मॅडम, ती बिल्डिंग कॉस्मो नाही. तुम्हाला बदलापूरला याच भाड्यात मोठं घर मिळेल."

'कॉस्मो नाही' ही आजच्या अस्पृश्यतेची सभ्य भाषा आहे. जात कुणी उच्चारत नाही. कुणी 'फॅमिली प्युअर व्हेज हवी' म्हणते, कुणी 'कमिटीला चालणार नाही' म्हणते, कुणी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागणार हे ओळखून 'घर कालच गेले' असे सांगते. मुस्लिम कुटुंबांना तर एवढी सभ्यताही वाट्याला येत नाही. हे केवळ मुंबईचे नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली. फोनवर आणि प्रत्यक्ष भेटीत दलित व मुस्लिम भाडेकरूंना नकार किंवा जाचक अटी मिळतात, हे त्यांनी 2015 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त मांडले.

भाडे परवडत नाही म्हणून लांब जाणारे सर्व जातींत आहेत, हे मान्य. पण भाडे परवडत असतानाही लांब जावे लागणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याची किंमत मोजून पाहा. जाताना एक तास आणि येताना एक तास जास्त लागला, तर वर्षाच्या 300 कामाच्या दिवसांत 600 तास होतात. म्हणजे दिवसरात्र धरून पूर्ण 25 दिवस! हा जातीने लावलेला कर आहे आणि तो दरवर्षी भरावा लागतो. घरातली बाई तो सर्वांत जास्त भरते, कारण पहाटेचे पाणी, डबा आणि मुलांची तयारी बहुतेक घरांत अजून तिच्याच वाट्याला आहे. मुलांचा अभ्यास घेणारे पालक साडेनऊला घरी पोहोचतात. 'तरुण चळवळीला वेळ देत नाहीत' अशी तक्रार आपण प्रत्येक बैठकीत ऐकतो. तो वेळ कल्याणच्या पुढे लोकलच्या दारात लटकत गेलेला असतो, हेही एकदा ध्यानात घ्या.

घर आणि नोकरी यांचे नाते बाबासाहेबांनी स्वतः भोगले आहे. 1917 मध्ये कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला हा विद्वान बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाला. पगार होता, अधिकारपद होते, पण डोक्यावर छप्पर नव्हते. पारशी असल्याचे भासवून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. हिंदू मित्राने जागा दिली नाही, ख्रिस्ती मित्रानेही दिली नाही. शेवटी त्यांना बडोदा सोडून मुंबईला परतावे लागले. ज्याला कामाच्या ठिकाणी राहायला मिळत नाही, त्याची नोकरीही त्याची राहत नाही. आरक्षण आणि गुणवत्तेवर घसा कोरडा करणाऱ्यांनी हा धडा वाचावा.

आपल्यातले काही जण म्हणतात, "कशाला त्यांच्या दारात जायचे? आपल्या वस्तीत घर घ्या. शेजारी विहार आहे, माणसे आपली आहेत, जयंती जोरात होते." या म्हणण्यात तथ्य आहे. संकटात धावून येणारा शेजार ही मोठी गोष्ट आहे. ज्याला वस्तीत राहायचे आहे त्याने अभिमानाने राहावे. पण वस्ती ही आपली निवड असावी, दुसऱ्याने दाखवलेली जागा नसावी. गावकुसाबाहेरून निघून शहरात आलेल्या माणसाने इथेही एजंटच्या बोटाने दाखवलेल्या दिशेला मुकाट जायचे असेल, तर शहरात येऊन मिळवले काय?

कायदा काय म्हणतो? नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 मधील कलम 4 नुसार, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही परिसरात राहती जागा घेण्यास वा वापरण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे, त्यामुळे 'तुम्ही तर बौद्ध' ही पळवाट चालत नाही. पण कायद्याची वाट अडवणारे निकालही आहेत. 2005 मध्ये अहमदाबादच्या झोरोअॅस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा नियम वैध ठरवला. आणि तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे.

म्हणून काही गोष्टी आपणच करायच्या आहेत.

एक, यादी स्वतःहून लहान करू नका. दोघांच्या कामाची ठिकाणे आणि मुलांची शाळा धरून पट्टा ठरवा आणि त्याच पट्ट्यात आधी शोधा. विक्रोळीचे कन्नमवार नगर, टागोर नगर, कुर्ल्याचे नेहरू नगर अशा म्हाडाच्या वसाहती पाहा. तिथली घरे मुळात सरकारी वाटपातून गेली, शेजारी निवडण्याची मुभा कुणाला नव्हती, म्हणून तिथे वस्ती मिसळलेली आहे.

दोन, बोलणे लेखी ठेवा. एजंटला व्हॉट्सअॅपवर विचारा, नकाराचे कारणही तिथेच विचारा. 'सोसायटी नाही म्हणते' असे उत्तर आले तर कोणत्या नियमाने, ते विचारा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत भाडेकरूची जात किंवा ताट तपासण्याचा अधिकार कुठेही नाही.

तीन, आडनाव बदलून किंवा फोटो कपाटात ठेवून घर मिळवण्याचा सल्ला मुलांना देऊ नका. ते घर अकरा महिन्यांचे असते, शिकवलेली लाज आयुष्यभराची.

चार, आणि हे आपल्यातल्या घरमालकांसाठी. ठाणे-मुलुंडला ज्यांचे दुसरे घर झाले आहे, त्यांच्यापैकी काही जण एजंटला 'चांगल्या घरातली फॅमिली बघा' असे सांगतात. चांगले घर म्हणजे कोणते? मातंग, मुस्लिम, एकटी राहणारी बाई त्यात बसते का? आपण वर चढून शिडी ओढून घेणार असू, तर मनुवादाला शिव्या घालण्याचा अधिकार उरत नाही.

आणि शासनाकडे मागणीही ठाम हवी. म्हाडाच्या जुन्या वसाहतींच्या जागी खासगी टॉवर उभे राहत आहेत. या पुनर्विकासात स्टेशनाजवळ सरकारी मालकीची भाड्याची घरे ठेवा, त्यांत आरक्षण ठेवा आणि वाटप सोडतीने करा. सोडतीची चिठ्ठी आडनाव विचारत नाही.

भाड्याचे घर हा खासगी व्यवहार आहे, असे म्हणून आपण हा प्रश्न बरीच वर्षे बाजूला ठेवला. पाण्याचा प्रश्नही एकेकाळी असाच 'त्यांच्या तळ्याचा' होता. यंदाच्या जयंती समितीच्या बैठकीत मंडप आणि डीजेच्या खर्चानंतर हा विषय पत्रिकेवर घ्या. आपल्या परिसरात कुणाला, कुठे, काय सांगून घर नाकारले, याची नोंदवही सुरू करा. पहिली नोंद आमची लिहा.

जय भीम! जय संविधान!