छंद असावा, ओझे नसावे

हौसेने एक फिशटँक आणला आणि दोन वर्षांत घरात पाच टाक्या झाल्या. मग दर रविवारची सुटी पाणी बदलण्यातच जाऊ लागली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १५ लिटरच्या बादल्या वाहून अखेर कंबर धरली. रुग्णांना 'वाकून वजन उचलू नका' असे सांगणारा डॉक्टर स्वतःच आडवा झाला! पुढे कंटाळा आला, पाणी बदलणे राहिले आणि एका आठवड्यात अकरा मासे मेले. दोष माझ्या हावेचा होता.

माझे स्पष्ट मत असे, की पहिली टाकी सहा महिने नीट सांभाळल्याशिवाय दुसरी आणू नये. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात विषारी अमोनिया तयार होतो. त्याचा निचरा करणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच ठेवावेत. एका दिवशी एकाच टाकीचे, तेही पाव भागच पाणी बदलावे. बादली अर्धीच भरावी. नळी तोंडाने ओढू नये. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये. 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' या जिवाणूमुळे त्वचेवर चिवट गाठी येतात.

मी तीन टाक्या देऊन टाकल्या. उरलेल्या दोघींसमोर आता रोज संध्याकाळी निवांत बसतो. वाचकहो, छंद त्यासाठीच तर असतो!