देशांची संख्या पुरे, तासांचा हिशेब द्या

संपादक महाशय,


संक्रांत सरते न सरते तोच आपल्या पत्राची पाने युरोपच्या बससहलींच्या जाहिरातींनी भरू लागतात, आणि त्यांत ठळक अक्षरांचा मान दोनच गोष्टींना मिळतो: किती दिवसांत किती देश, आणि नव्व्याण्णवावर संपणारी एक रक्कम. घर घेताना सातबाऱ्यापासून वीजबिलापर्यंत सारे कागद तपासणारा आमचा मध्यमवर्गीय गृहस्थ आयुष्याच्या पुंजीतून परदेशी जाताना मात्र या दोन आकड्यांवर विसंबून बयाण्याचे पैसे मोजून मोकळा होतो. माझे म्हणणे असे की, अल्पखर्चाच्या सहलीची योग्यता देशांच्या संख्येवरून न ठरविता, प्रवाशाला बसच्या बाहेर, दिवसाउजेडी, स्वतःच्या पायांवर किती तास मिळणार यावरून ठरवावी, आणि तो हिशेब विक्रेत्याने छापील मजकुरातच नमूद करावा.

हा हिशेब करणे अवघड नाही, कारण युरोपातील बसचालक कायद्याने पक्का बांधलेला आहे. 2006 च्या युरोपीय नियमानुसार त्याला दिवसात 9 तासांहून (आठवड्यातून दोनदा 10 तासांहून) अधिक काळ गाडी हाकता येत नाही, साडेचार तासांच्या हाकणीनंतर 45 मिनिटांची उसंत घ्यावीच लागते, आणि दररोज 11 तासांची, अपवाद म्हणून 9 तासांची, अखंड विश्रांती त्याला द्यावी लागते. शिवाय वेगनियंत्रक यंत्र बसला ताशी 100 किलोमीटरपुढे जाऊ देत नाही. आता पॅरिस ते ल्युसर्न हे अंतर घ्या. ते 600 किलोमीटरांहून अधिक असल्याने सकाळी आठाला निघालेली बस जेवणखाण आणि सक्तीचे थांबे धरून पाच-सहाच्या आत पोहोचली तर नशीब. म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत ‘रम्य स्वित्झर्लंडकडे प्रस्थान’ अशा काव्यमय शब्दांनी सजविलेला तो अख्खा दिवस वस्तुतः खिडकीच्या काचेला नाक लावून काढावयाचा असतो. त्याच्या आदल्या रात्री बहुधा ‘पॅरिसची दीपशोभा’ ठेवलेली असते. जूनमध्ये पॅरिसचा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा दिव्यांची शोभा पाहून बस अकरा-साडेअकराला मुक्कामी लागणार, आणि तोच चालक असेल तर पुरी विश्रांती दिल्यावर दुसऱ्या दिवशी दहा-साडेदहापूर्वी ती निघू शकणार नाही. दीपशोभाही आणि पहाटेचे प्रस्थानही असे दोन्ही ज्या पत्रिकेत छापलेले असेल, तिच्या विक्रेत्याला दुसरा चालक कोठे आहे असे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. आणि तो प्रश्न विचारताच समोरच्या इसमाचा चेहरा जसा होतो, त्यावरूनच पुष्कळ निर्णय करता येतो.

स्थळांचेही तेच. 1 जानेवारी 2024 पासून साडेसात टनांहून जड बसगाड्यांना ॲमस्टरडॅमच्या शहरमध्याभोवतीच्या वर्तुळमार्गाच्या आत मज्जाव आहे. व्हेनिसला तर बस बहुधा ट्रोंकेतोच्या वाहनतळापर्यंतच जाते व पुढे सहसा बोट धरावी लागते, आणि 2024 पासूनच तेथे मार्गदर्शकासोबतचा जथा 25 जणांहून मोठा असू नये असा नियम झालेला आहे. पंचेचाळीस माणसांच्या बसला मग मार्गदर्शक किती? हॉटेल कोणत्या गावी? ‘पॅरिस मुक्काम’ म्हणजे विमानतळाजवळचे एखादे उपनगर असेल, तर संध्याकाळी नदीकाठी फिरण्याची स्वप्ने पाहणाऱ्याने ती मुंबईतच सोडून निघावे हे बरे.

पैशांविषयी थोडक्यात लिहितो. जाहिरातीतील रक्कम पुष्कळदा रुपयांचा भागच असतो व युरोंचा भाग बारीक अक्षरांत त्या दिवसाच्या दराने वसूल होतो. त्यावर वस्तू व सेवा कर, 1 ऑक्टोबर 2020 पासून विक्रेत्यामार्फत गोळा होणारा प्राप्तिकर (तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो), 11 जून 2024 पासून 90 युरो झालेले आणि अर्ज नाकारला तरी परत न मिळणारे शेंगेन व्हिसाचे शुल्क, निदान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा, चालकाच्या टिपा, आणि ज्यांच्यावाचून सहलीला अर्थ उरत नाही अशा ‘ऐच्छिक’ सफरी. टिटलिसचे हिमशिखर ऐच्छिक ठेवून स्वित्झर्लंड विकण्याचे धाडस मला तरी थक्क करते.

यावर कोणी म्हणेल की, स्वस्तात जाणाऱ्याने इतकी चिकित्सा करू नये. मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. श्रीमंताचा एक दिवस वाया गेला तर तो पुढल्या वर्षी पुन्हा जाईल. ज्याचे जाणे एकदाच होणार त्याला तास मोजून घेण्याची गरज अधिक. बससहल ही मुळातच तुच्छ वस्तू आहे असे मी मुळीच मानत नाही. परभाषेच्या मुलखात गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना शाकाहारी जेवणाच्या हमीसह हिंडवून आणण्याची तजवीज दुसऱ्या कोणत्या मार्गाने इतक्या अल्पखर्चात होईल, हे मला ठाऊक नाही. म्हणूनच दहा दिवसांत सात देशांऐवजी तीनच दाखविणारी सहल त्याच किमतीत अधिक किफायतीची ठरते, हे कोणी तरी स्पष्ट सांगावयास हवे.

युरोपीय संघाच्या 2015 च्या निर्देशानुसार तेथील विक्रेत्याला करारापूर्वी करांसह एकूण किंमत, निवासाचे स्वरूप, भोजने व शक्य तेथे जथ्याचा अंदाजे आकार सांगावा लागतो, आणि किंमत 8 टक्क्यांहून अधिक वाढल्यास प्रवाशाला दंडाविना करार मोडता येतो. आमच्याकडे विकल्या जाणाऱ्या सहलींना ही सक्ती लागू नाही. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आहे, प्रत्यक्ष नुकसानीशी सर्वस्वी विसंगत असा दंड त्या व्याख्येत बसतो, आणि तक्रारदाराला आपल्या राहत्या ठिकाणी दाद मागता येते, मग करारनाम्यात कोणत्याही शहराच्या न्यायालयाचे नाव छापलेले असो.

तथापि निवाडा लागेपर्यंत सुटी संपलेली असते. उपाय त्याआधीच व्हावयास हवा, आणि तो काही अंशी आपल्या हाती आहे. या जाहिरातींचे उत्पन्न आपल्याला मिळते. तेव्हा एकूण रुपये, हॉटेलांची नावे व गावे, आणि बसमध्ये जाणारे तास, एवढा तपशील त्याच टाइपात दिल्याशिवाय परदेश-सहलीची जाहिरात स्वीकारली जाणार नाही, असा शिरस्ता आपल्या जाहिरात विभागाने या हंगामापासूनच घालावा. कोणती कंपनी त्यास नकार देते, हे कळले तरी वाचकांचे अर्धे काम होईल.



आपला नम्र,
एक जुना वर्गणीदार, पुणे