मधल्या महिन्यांची फी

हा अंक आठ पानांचा आहे. सोळा पानांचे पैसे जमले होते, हे वर्गणीदारांना माहीत आहे. उरलेल्या आठ पानांचा कागद कुठं गेला याचा हिशोब देणं हे संपादक म्हणून माझं काम आहे. तो देतो. छपाईच्या फंडातून मी नऊ हजार रुपये उचलले आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या एम.एस्सी.च्या प्रवेशाची फी भरली. तिघा साथींना विचारून उचलले, वहीत सही करून उचलले. पण उचलले. ज्यांच्या कविता या अंकात राहिल्या त्यांनी मला शिव्या घालाव्यात. माझ्याही दोन राहिल्या. फक्त आधी हे वाचावं.

आमचं गाव असोदा. जळगावपासून जवळ. केळी नि कापूस पिकवणारं. जमीन दुसऱ्याची, हात आमचे. बहिणाबाई चौधरी या गावची लेक. १८८० साली इथं जन्मली. शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षर गिरवलं नाही. तिच्या तोंडची गाणी घरातल्या पोरांनी कागदावर उतरवून घेतली म्हणून राहिली. पुस्तक निघालं १९५२ साली, तोवर ती गेलेली होती. जळगावचं विद्यापीठ १९९० साली निघालं आणि २०१८ पासून त्याला तिचं नाव आहे. चांगलं झालं. विद्यापीठाशी माझं भांडण नाही. पण गावात शिरताना दरवेळी मनात येतं, ज्या गावच्या बिनशाळेच्या बाईचं नाव विद्यापीठाला लागलं, त्या गावच्या बौद्धवाड्यातल्या पोरीला एम.एस्सी.च्या वर्गात बसायला काय काय विकावं लागतं?

आमच्या घरात ते आधीच विकून झालं होतं. मी दहावी पास झालो आणि मुंबईची गाडी धरली. गोदीत ठेकेदाराकडं रोजावर लागलो. मला पुढं शिकायचं नव्हतं असं नाही. दोघांचं एकदम झेपणार नव्हतं एवढंच. धाकटी हुशार निघाली. बी.एस्सी.ला पहिला वर्ग, एम.एस्सी.च्या यादीत नाव. कॉलेजचं नाव घेत नाही. असं वागणारं एकच कॉलेज असतं तर नाव घेऊन मोर्चाच नेला असता. खिडकीतला क्लार्क तिला म्हणाला, "स्कॉलरशिप येईल तेव्हा येईल. आली की तुमचे तुम्हाला परत. आत्ता भरा. परवा शेवटची तारीख."

परवा! तिचा फोन आला तेव्हा मी पाळीवर होतो. पावसाळ्याचे दिवस, गोदीत काम मंद, आठवड्यात तीन हाजऱ्या लागल्या तर नशीब. ठेकेदारानं उचल दिली नाही. आधीची फिटली नव्हती. गावात व्याजानं मिळत होते, शेकड्याला महिना पाच. माझ्या खोलीत पत्र्याच्या पेटीत अंकाचे पैसे होते. मायला फोनवर सांगितलं. ती म्हनली, "भाऊ, चार जनाच्या पैशाले हात नको लावू." मी लावला.

आता घरचं बाजूला ठेवतो. कारण हे एका घरचं नाही.

दोस्तांनो, आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो. कोट, टाय, हातात पुस्तक. त्या एम.ए.चे पैसे कुणी भरले, हे आपल्यातल्या किती जणांनी नीट वाचलंय? बडोद्याच्या सयाजीरावांनी भरले. १९१३ च्या जूनमध्ये करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या बदल्यात शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी. वडील रामजी फेब्रुवारीतच वारले होते. जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. १९१५ साली कोलंबियाचं एम.ए. झाले. तिथून लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परत यावं लागलं. कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत गेले, तर त्या शहरात महाराला राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकललं. मग मुंबईत सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पै पै बाजूला टाकली. शाहू महाराजांनी मदत दिली, नवल भथेना या पारशी मित्रानं पाच हजार उसने दिले. तेव्हा कुठं १९२० साली पुन्हा लंडन. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी.

ही झाली वहीत दिसणारी जमा. पण साडेअकरा पौंड न्यूयॉर्कला येत होते तेव्हा मुंबईत चूल कशावर पेटत होती? आपल्या घराघरांत म्हाताऱ्या सांगतात, रमाईनं शेण्या थापल्या, त्या विकल्या, उपास काढले. तो खर्च कुठल्याच संस्थानच्या दप्तरात लिहिलेला नाही. त्या पदव्यांचा एक मोठा हप्ता रमाईनं भरला, आणि त्याची पावती तिला कुणी दिली नाही.

बाबासाहेबांनी यातून काय धडा घेतला? शिकायला महाराजा भेटावा लागतो, ही व्यवस्थाच मोडली पाहिजे. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले आणि त्याच वर्षी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन देऊन उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज पोरं मोबाइलवर जिचा अर्ज भरतात ती हीच. कुणा राजाच्या मर्जीवर नाही, करार नाही, दहा वर्षांची चाकरी नाही. म्हणून कुणी तिला खिरापत म्हणालं की गप्प बसू नका. ती आपल्या बापानं भांडून आणलेली आहे.

आता कामाचं सांगतो. बी.ए., बी.एस्सी. करून पुढं कसं शिकायचं म्हणून पोरं विचारतात, त्यांनी कापून ठेवावं.

घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. सगळ्याला लागू. फी नि वर निर्वाहभत्ता. उत्पन्न अडीच लाखांवर असेल तरी हात हलवत परतू नका, आपल्या राज्यात फ्रीशिप आहे, तिच्यात शिक्षण फी नि परीक्षा फी मिळते. दोन्हीचे अर्ज महाडीबीटीवर. जातीचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं हे मे महिन्यातच तयार ठेवा, यादी लागल्यावर धावू नका. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. खाणं-राहणं म्हणून मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,०००, लहान शहरांत त्याहून कमी. परदेशी जायचं तर राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, वर्षाला ७५ जागा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींना. बँकेचं कर्ज शेवटी. चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा नियम आहे, तो मॅनेजरला तोंडावर सांगा. पण शिकत असतानाही व्याज चढतं, हे विसरू नका. नोकरी करणाऱ्यांना मुक्त विद्यापीठ आहे. नाशिकचं १९८९ साली निघालं.

म्हणजे कागदावर वाटा पुष्कळ आहेत. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची मॅट्रिकोत्तर योजना मंजूर केली, ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. मग माझी बहीण खिडकीवर का अडली?

कारण पैसा आहे पण वेळेवर नाही. प्रवेश जुलै-ऑगस्टात. शिष्यवृत्ती कधी मार्चमध्ये, कधी पुढल्या वर्षी, कधी पोरगं पास होऊन कामाला लागल्यावर. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नका, अशी परिपत्रकं समाजकल्याण खात्यानं वेळोवेळी काढली आहेत. खिडकीतल्या क्लार्कला ती दिसत नाहीत. मधले हे सहा, आठ, बारा महिने कुणाच्या नावावर? सरकार म्हणतं देणार आहोत. कॉलेज म्हणतं आल्यावर बघू. त्या मधल्या महिन्यांत मायच्या गळ्यातले मणी जातात, शेळी जाते, भाऊ शाळा सोडतो. योजनेत बसलेली पोरगी मधल्या महिन्यांत बसत नाही, आणि अहवालात लिहिलं जातं की तिनंच शिक्षण सोडलं.

हे फक्त असोद्याचं नाही. २०२४ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदार दलिताच्या पोराला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. भरायचे होते १७,५००. बाप पैसे जमवेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले आणि पोर्टल बंद झालं. जागा गेली. सर्वोच्च न्यायालयानं ३० सप्टेंबरला ती परत द्यायला लावली. दर पोराला दिल्ली गाठता येते का? २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीला १०६ जण निवडले गेले आणि पत्रं पहिल्यांदा ४० जणांनाच. बाकीच्यांना निधी असेल तर! त्याच योजनेत २०२२ साली नियम आला की भारताची संस्कृती, इतिहास, समाज असे विषय चालणार नाहीत. कोलंबियात भारतातल्या जातींवर निबंध वाचणारा भीमराव आज या नियमात बसला नसता. आणि रोहित वेमुला. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती, पावणेदोन लाख. शेवटच्या पत्रात त्यानं तो हिशोब लिहून ठेवला. पोरगं मरताना उधारी फेडायची काळजी करत होतं. तारीख टळणं म्हणजे काय, हे ज्याला अजून कळलं नाही त्यानं ते पत्र वाचावं.

आपल्यातलेच काही साथी म्हणतात, पदव्या घेऊन साहेब होतात नि वस्ती विसरतात, कशाला त्यांच्या फिया भरायच्या? विसरतात हे खरं. मीही पाहिलेत. पण सगळ्यांनी माझ्यासारखी गोदीत पोती उचलली म्हणजे क्रांती होते, असं मला पाठीवर पोतं घेऊन कधी वाटलं नाही. विसरणाऱ्याला जाब विचारा. शिकणारीची वाट अडवू नका.

म्हणून एक ठरवायचंय. वस्तीवस्तीत मधल्या महिन्यांचा फंड. कमावत्या प्रत्येकानं महिन्यातली एक हाजरी त्यात टाकायची. नोकरीवाला असो, रिक्षावाला असो, गोदीतला असो. फी अडलेल्याला बिनव्याजी द्यायचे, तेही लाजवून नाही. शिष्यवृत्ती आली की परत, म्हणजे तेच पैसे पुढल्या पोराला. वही उघडी, दर पौर्णिमेला विहारात वाचून दाखवायची. आणि फंडातून दिलेली प्रत्येक फी म्हणजे एक तक्रार समजायची. कुठल्या कॉलेजनं, कुठल्या तारखेला, परिपत्रक असताना किती घेतले, हे लिहून त्याच आठवड्यात समाजकल्याणच्या जिल्हा कचेरीत पोचलं पाहिजे, पोच घेऊन. नुसते पैसे दिले तर आपण सरकारचे बिनपगारी सावकार होऊ. नुसता मोर्चा काढला तर परवाची तारीख टळते. दोन्ही लागेल.

आता उरलेला हिशोब. नऊ हजारांपैकी महिन्याला दीड हजार मी फंडात भरणार. शिष्यवृत्ती आधी आली तर बाकी एकरकमी. दर अंकाच्या शेवटच्या पानावर आकडा छापला जाईल. थकलो तर माझं नाव छापा, संपादकपद काढून घ्या. राहिलेल्या कविता पुढल्या अंकात पहिल्या पानापासून. धाकटीचे वर्ग सुरू झालेत. तक्रारीचा अर्ज तिनंच लिहिला, माझ्यापेक्षा बरा लिहिला, पोच घेतली. पोच माझ्याजवळ आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

जय भीम.