कोयता कुणाचा?

दसरा-दिवाळी झाली की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, भूम, वाशी, परंडा भागातली कित्येक गावं रिकामी होऊ लागतात. ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. म्हणजे माणसं मोजायची, तीही हत्याराच्या नावाने!

मित्रांनो, माझा प्रश्न साधा आहे. हा कोयता कुणाचा? कारखान्याला विचारा, उत्तर ठरलेलं असतं: “मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे.” कागदावर ते खरंही आहे. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादम उचल देऊन जोडीला बांधून घेतो. मग फडात अपघात होवो, बाळंतपण होवो, की खाडा पडला म्हणून पैसे कापले जावोत, प्रत्येकजण आपल्या खालच्याकडे बोट दाखवतो.

आता जरा हिशेब मांडू. कुठल्या शेतात तोड कधी, हे कोण ठरवतं? कारखान्याचं शेतकी खातं. वजन कुणाच्या काट्यावर? कारखान्याच्या. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कोण कापतं? कारखानाच. तोडणीचा दरसुद्धा साखर संघ आणि मजूर संघटना समोरासमोर बसून ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली ती अशाच बैठकीत. काम तुमचं, काटा तुमचा, दर ठरवताना खुर्ची तुमची. मग माणूस तेवढा परका कसा?

या हात झटकण्याची किंमत कुणी मोजली? २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हा धागा थेट कोका-कोला आणि पेप्सीपर्यंत नेला, कारण त्या महाराष्ट्रातली साखर घेतात. म्हणजे साखळी मुकादमापाशी सुरू होते, पण कारखान्याच्या गेटवर संपत नाही.

कारखान्यांची बाजूही ऐकली पाहिजे. उचल घेऊन मुकादम पळून जातात, लाखो रुपये बुडतात, हे खोटं नाही. पण बुडालेली उचल वसूल करायला करार आठवतो, पोलीस ठाणं आठवतं. मग त्याच करारात पिण्याचं पाणी, संडास आणि विमा का बसत नाही? आणि यात नवीन काहीच नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी, असं १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. २०२० च्या संहितेतही ते तत्त्व ठेवलं आहे.

म्हणून मला वाटतं, कारखान्याने प्रत्येक कोयत्यातल्या दोन्ही माणसांची नावं आपल्या दप्तरी घ्यावीत, बाईची मजुरी बाईच्याच खात्यात टाकावी, खाड्याचा दंड बंद करावा. आणि जो मुकादम हे पाळणार नाही त्याला पुढच्या हंगामात करार नाही. एवढं लिहायला एक पान पुरेल.

तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगच्या मासिकात उसाचा फड कशाला? कारण उद्या आपल्यातलेच कुणी साइट इंजिनिअर होतील, कुणी कंपनीत खरेदी विभागात बसतील. ठेकेदाराचं मस्टर आपल्याच टेबलावर येईल. बिलावर सही करताना काँक्रीटचे क्यूब टेस्टला पाठवले का, हे आपण विचारणारच. तेव्हा हेल्मेट कुणाला मिळालं, मजुरी कुणाची राहिली, हेही विचारायला काय हरकत आहे? “तो ठेकेदाराचा माणूस आहे” हे वाक्य तोंडात बसायला फार सोपं आहे. ते बसण्याआधीच ठरवा, सही आपली असेल तर जबाबदारीही आपलीच!