मगरिब ते इशा : घरातली ऊब

नोव्हेंबर सरत आला की पुण्या-मुंबईत मगरिबची अजान सहाच्या सुमारास होते. जूनमध्ये हीच अजान सव्वासातच्या आसपास असते. फजरच्या वुजूला नळाचे पाणी बोचू लागते, फरशीवर पाय ठेवला की शहारा येतो आणि माळ्यावरच्या गोधड्या खाली येतात. थंडीची तयारी आपण करतोच. घरातल्या माणसांना एकमेकांची ऊब मिळावी याची तयारी मात्र राहून जाते.

सूरह अन-नहलमध्ये (16:80) अल्लाहने आपल्या नेमतींमध्ये घराचा उल्लेख केला आहे. घर हे माणसासाठी शांततेचे ठिकाण आहे, असे तेथे सांगितले आहे. त्याच आयतीत लोकर आणि केसांपासून बनणाऱ्या संसाराच्या वस्तूही आल्या आहेत. म्हणजे अंगावरचे पांघरूणही नेमतच आहे आणि तिचे शुक्र वागण्यातून दिसायला हवे.

आज आपल्या फ्लॅटमध्ये काय दिसते? मुलगा एका खोलीत, मुलगी दुसऱ्या खोलीत, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आणि दादी पलंगावर एकटी. दारे थंडीसाठी लावलेली असतात, पण त्यामुळे माणसेही एकमेकांपासून तुटतात.

म्हणून आम्हाला वाटते, मगरिब ते इशा हा सव्वा तासाचा वेळ घराने राखून ठेवावा. मोबाईल एका जागी चार्जिंगला लावावेत. दस्तरखान लवकर मांडावा. बाजरीची गरम भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी किंवा नुसती यखनी असली तरी पुरे. मुलांनी पाठ केलेली सूरह दादीला ऐकवावी, दादीने आपल्या माहेरच्या गोष्टी सांगाव्यात. वुजूसाठी तिला कोमट पाणी देण्याचे काम नातवाकडे द्यावे. इशाआधी झोपणे आणि इशानंतर उगाच गप्पा मारत बसणे प्रेषित मुहम्मद (स.) यांना पसंत नव्हते. लवकर झोपलेले घर फजरला सहज उठते.

ज्या घरातले अब्बा लोकलने नऊला पोहोचतात, त्यांना हे रोज जमणार नाही. त्यांनी सुट्टीचा एक दिवस ठरवावा, पण तो पाळावा.

उबेच्या नादात एक धोका मात्र विसरू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत जीव जातो. गॅस गिझर लावलेल्या बंद न्हाणीघरातही हाच धोका असतो. हवा येण्या-जाण्याची सोय हवीच. मदीनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) आग ही तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवत जा, अशी ताकीद दिली होती.

आणि घराची ऊब उंबरठ्यापाशी थांबू नये. कालवण शिजवताना त्यात पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवावी, असे प्रेषितांनी (स.) हजरत अबूजर (रजि.) यांना सांगितले होते. आपल्याच इमारतीत रात्रभर खुर्चीवर बसणारा वॉचमन आहे, शेजारी गावाकडून शिकायला आलेली मुले राहतात. एक वाटी यखनी वरच्या मजल्यावर जावी. माळ्यावरून काढलेल्या गोधड्यांतली एक चांगली, धुतलेली गोधडी खाली वॉचमनकडे जावी. फाटकी नको, जी आपण स्वतः पांघरू तशीच द्यावी. ती मुलांच्या हाताने द्यावी, म्हणजे देण्याची सवय त्यांनाही लागेल.