हजेरी बंद झाली, संशयाचे काय?

सातारा व सांगली जिल्ह्यांतील नागरिक बंधुभगिनींस सविनय निवेदन

मनुष्यास त्याच्या कृत्याबद्दल जाब विचारणे हा न्याय होय. परंतु ज्या कुळात तो जन्मला त्या कुळाबद्दल त्यास आयुष्यभर जाब द्यावयास लावणे हा छळ होय, मग तो कातडीच्या रंगावरून होवो वा जातीच्या नावावरून. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून आणि पुढे १९११ साली त्याचा अंमल मुंबई इलाख्यापर्यंत वाढवून या छळावर कायद्याची मोहोर उठविली; गुन्हा शाबीत होण्यापूर्वीच अख्ख्या जमाती सरकारी दप्तरी गुन्हेगार ठरल्या, आणि त्यांच्या माणसांना सरकारी हजेरी द्यावी लागे. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ कादंबरीत त्या हजेरीचा जाच मांडला, तो याच मुलखातला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तरीही गावात चोरी झाली की पहिली झडती त्याच जमातींपैकी एक असलेल्या पारध्यांच्या माळावरच्या पालांची होते. आमच्या वर्गात एकदा एका मुलीची कंपासपेटी हरवली, तेव्हा कोणी चकार शब्द काढण्यापूर्वीच पारध्याचा नऊ वर्षांचा मुलगा आपण होऊन उभा राहिला, त्याने चड्डीचे दोन्ही खिसे उलटे करून दाखविले आणि दप्तर पालथे केले. पेटी दुसऱ्याच बाकाखाली सापडली. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा दप्तराविनाच शाळेत येऊ लागला.

या छळाचा वळ अंगावर उठत नाही, म्हणून पंचनाम्यात त्याची नोंद होत नाही. पण ज्याच्या वाट्यास तो येतो तो चारचौघांत थांबेनासा होतो, आणि स्वतः नाडला गेला तरी फिर्याद घेऊन ठाण्याची पायरी चढत नाही, कारण फिर्यादी म्हणून आत गेलेला आरोपी म्हणून अडकेल, ही धास्ती त्याच्या हाडीमासी खिळलेली असते.

आमचे मागणे इतकेच: पोलिसांनी केवळ जात पाहून कोणाच्या पालावर धाड घालू नये, अटकेचे कारण सांगण्याचे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे संविधानाच्या २२व्या अनुच्छेदातील बंधन पारध्याच्या बाबतीतही पाळावे, आणि शिक्षकांनी व शेजाऱ्यांनी हरवलेल्या वस्तूचा शोध आडनावापासून सुरू करू नये.

हे पत्रक चावडीवर, शाळेत आणि ठाण्याच्या फलकावर लावावे, ज्यांस वाचता येत नाही त्यांस वाचून दाखवावे. त्या मुलाने पुन्हा दप्तर घेऊन वर्गात यावे, हे आता आपणा सर्वांच्या हाती आहे.

— एक शिक्षक